कोन मोडून पाहण्याची विद्या: त्रिकोणमितीतील बेरीज-सूत्रांचा आढावा

दोन कोनांची बेरीज करणे सोपे असते, परंतु त्या बेरजेच्या कोनाचे साइन म्हणजे दोन साइनांची बेरीज नव्हे, आणि त्रिकोणमितीचा मोठा भाग या एका भेदावर उभा आहे. ३० अंशांचे साइन ०.५ आणि ६० अंशांचे ०.८६६ असून त्यांची बेरीज १.३६६ होते, प्रत्यक्षात ९० अंशांचे साइन १ आहे आणि कोणत्याही कोनाचे साइन १ च्या वर जाऊ शकत नाही. एक एकक त्रिज्येच्या वर्तुळावर अ अंशांवर असलेल्या बिंदूची आडव्या अक्षापासूनची उंची म्हणजे साइन अ आणि उभ्या अक्षापासूनचे चिन्हासहित अंतर म्हणजे कॉस अ, असे मानले तर खरे सूत्र असे येते: साइन(अ + ब) = साइन अ × कॉस ब + कॉस अ × साइन ब. कॉसचे सूत्र त्याचेच जुळे भावंड आहे: कॉस(अ + ब) = कॉस अ × कॉस ब − साइन अ × साइन ब. ब च्या जागी उणे ब घातला की वजाबाकीची सूत्रे मिळतात, अ आणि ब समान घेतले की दुप्पट कोनाची मिळतात आणि साइनला कॉसने भागले की टॅनचे सूत्र मिळते. अकरावीच्या पुस्तकात संयुक्त कोन, म्हणजे बेरीज-वजाबाकीने बनलेले कोन, या नावाखाली येणारी सूत्रांची लांबलचक यादी वस्तुतः या दोन ओळींचाच विस्तार आहे.

ही यादी पाठ करण्यात विद्यार्थ्यांचा फार मोठा वेळ जातो, आणि उदाहरण समोर आले की कोणते सूत्र लावावे हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो, कारण यादीत सूत्र असते, निवड नसते. बेरीज-सूत्र हे मुळात अनोळखी कोन ओळखीच्या कोनांत मोडण्याचे साधन आहे, आणि उदाहरण सोडवण्याचे सारे कौशल्य कोन कुठे मोडावा हे ठरवण्यात आहे. या विषयाचा इतिहास, त्याच्या सिद्धता आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत होणारा त्याचा वापर या तिन्ही बाजूंनी पाहिले तरी याच मुद्द्याकडे यावे लागते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातील मध्यवर्ती नाव भास्कराचार्यांचे आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या आणि स्वतःचे गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड असल्याचे सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. त्या ग्रंथाला जोडलेल्या ‘ज्योत्पत्ति’ या छोट्या प्रकरणात, म्हणजे ज्या कशा निर्माण कराव्यात याच्या विवेचनात, दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम दिले आहेत. येथे ज्या म्हणजे ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात मोजलेली अर्धजीवा, अर्थात त्रिज्या गुणिले साइन. कोटिज्या म्हणजे त्रिज्या गुणिले कॉस. एका कमानीची ज्या दुसरीच्या कोटिज्येने गुणायची, दुसरीची ज्या पहिलीच्या कोटिज्येने गुणायची, दोन्ही गुणाकारांना त्रिज्येने भागायचे आणि मिळालेल्या भागाकारांची बेरीज किंवा वजाबाकी करायची, असा हा नियम असून त्यात आजच्या सूत्रातील एकही पद कमी नाही. बेरजेच्या नियमाला समासभावना आणि वजाबाकीच्या नियमाला अंतरभावना अशी नावे आहेत.

यांतील भावना ही संज्ञा ब्रह्मगुप्तांच्या ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’तील वर्गप्रकृतीच्या, म्हणजे विशिष्ट द्विघाती समीकरणांची पूर्णांक उत्तरे शोधण्याच्या, गणितातून आलेली आहे. तेथे एका समीकरणाच्या दोन उत्तरांचा तिरका गुणाकार करून तिसरे उत्तर तयार केले जाते. दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज आणि दुसऱ्या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज यांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येतो, हे या पद्धतीचे एक रूप आहे. ३, ४, ५ आणि ५, १२, १३ या प्रसिद्ध त्रिकुटांचा असा तिरका गुणाकार केला की ४ × १२ − ३ × ५ = ३३ आणि ३ × १२ + ४ × ५ = ५६ अशा दोन संख्या मिळतात, आणि ३३, ५६, ६५ हे नवे त्रिकुट तयार होते; चिन्हे उलटी घेतली तर १६, ६३, ६५ हाती येते. कोनांची बेरीज आणि पूर्णांकांचे हे बीजगणित यांच्यामागे एकच रचना आहे. गणिताच्या इतिहासकारांनी हा संबंध उलगडून दाखवला असला तरी शाळेच्या पुस्तकांपर्यंत तो अजून आलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण दहावीला पायथागोरसची त्रिकुटे शिकलेल्या विद्यार्थ्याला अकरावीच्या सूत्रात शिरण्यासाठी याहून जवळची वाट नाही.

‘ज्योत्पत्ती’तील सर्वांत शिकण्यासारखा भाग मात्र सूत्रानंतर येतो. आर्यभटांनी ४९९ मध्ये पाव वर्तुळाचे २४ भाग करून ३ अंश ४५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने २४ ज्या दिल्या होत्या, आणि ३४३८ कलांच्या त्रिज्येची ती कोष्टकपद्धती पुढे अनेक शतके चालली. भास्कराचार्यांनी एकेका अंशाच्या अंतराने ९० ज्या काढण्याची रीत सांगितली. कोणत्याही कोनाची ज्या हाती असेल तर ती तिच्याच ६५६९ व्या भागाने कमी करावी, कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागावे आणि दोन्हींची बेरीज करावी, की पुढच्या अंशाची ज्या मिळते. आजच्या भाषेत हे साइन(अ + १) चेच सूत्र आहे. त्यात कॉस १ च्या जागी १ − १/६५६९ आणि साइन १ च्या जागी १०/५७३ घेतले आहे. पहिल्यातील चूक एक कोटीत एकाहून कमी आणि दुसऱ्यातील वीस लाखांत एकाहून कमी आहे. १०/५७३ हा अपूर्णांक म्हणजे ६०/३४३८ चेच संक्षिप्त रूप, म्हणजे एका अंशाइतक्या लहान कमानीची ज्या आणि ती कमान जवळजवळ सारखीच असते हे निरीक्षण येथे वापरलेले दिसते. ३ अंश ४५ कलांच्या जुन्या कोष्टकासाठीही याच पद्धतीने १ − १/४६७ आणि १००/१५२९ हे गुणक दिलेले आहेत. ९० अंशांचे कोष्टक उभे करण्यासाठी एकच सूत्र आणि दोन अपूर्णांक पुरावेत, यात या सूत्राचे सामर्थ्य जितके स्पष्ट होते तितके शंभर उदाहरणांच्या संचातूनही होत नाही.

एका अंशाच्या ज्येसाठी अंदाज का घ्यावा लागला, याचे उत्तरही बेरीज-सूत्रातच सापडते. भास्कराचार्यांनी १८ आणि ३६ अंशांच्या ज्या वर्गमुळांच्या साहाय्याने दिल्या आहेत. ४५ मधून ३० वजा करून १५ अंश मिळतात आणि १८ मधून १५ वजा केले की ३ अंश मिळतात. त्यामुळे ३ च्या पटीतील प्रत्येक अंशाची ज्या वर्गमुळांत नेमकी लिहिता येते. परंतु ३ वरून १ वर येण्यासाठी तिप्पट कोनाचे घनसमीकरण सोडवावे लागते आणि तेथे केवळ वर्गमुळे पुरी पडत नाहीत. पंधराव्या शतकात समरकंदच्या जमशीद अल-काशी यांनी हेच समीकरण पुनःपुन्हा अंदाज सुधारत जाऊन सोडवले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास त्यांच्या पश्चातही खानदेशात टिकला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराच्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी त्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. केरळात माधव आणि त्यांच्या परंपरेने बेरजेच्या नियमाला भूमितीचा आधार दिला आणि ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातील मल्याळम ग्रंथात त्याची उपपत्ती, म्हणजे सिद्धता, विस्ताराने आली. गोदावरीकाठच्या गोलग्रामाहून काशीस गेलेल्या घराण्यातील कमलाकरांनी १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेका’त भास्कराचार्यांच्या या नियमांचे श्रेय त्यांना देऊन सिद्धता मांडल्या आणि तेथून पटीतील कोनांच्या सूत्रांकडे वाट काढली.

याच काळात याच्या अगदी उलट दिशेने जाणारे एक पाऊलही महाराष्ट्रातच पडले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त ज्या आणि चाप (कमान) यांचा वापरच टाळला व त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराची आसन्न सूत्रे योजली. ग्रहलाघवावरून पंचांगे तयार करणे सोपे झाले आणि तो ग्रंथ महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानला गेला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या परंपरेचा सविस्तर इतिहास मराठीत लिहून ठेवला आहे. गणेश दैवज्ञांची कल्पकता वादातीत आहे; पण आकडेमोड सुलभ करण्याच्या ओघात ज्या-गणिताचा सराव पंचांगकर्त्यांच्या हातून सुटला असणार, हेही मानावे लागते. रीत माहीत असणे आणि रीतीचे कारण माहीत असणे यांतील अंतर आजच्या परीक्षाकेंद्रित अध्यापनातही तसेच दिसते.

सूत्राच्या सिद्धतांचे प्रकार बरेच आहेत. ग्रीक परंपरेत टॉलेमीने दुसऱ्या शतकात चक्रीय चौकोनाच्या, म्हणजे ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर आहेत अशा चौकोनाच्या, कर्णांचा गुणाकार आणि समोरासमोरील बाजूंच्या गुणाकारांची बेरीज समान असते या प्रमेयावरून जीवांचे नियम मिळवले. दोन काटकोन त्रिकोण एकमेकांवर रचून काढलेली आकृती डोळ्याला लगेच पटते, परंतु ती लघुकोनांपुरतीच थेट लागू पडते. उच्च माध्यमिक पुस्तकांत सहसा दिली जाणारी सिद्धता अंतराच्या सूत्रावर उभी आहे: एकक वर्तुळावर अ आणि ब अंशांवरील बिंदूंमधले अंतर आणि शून्य व अ − ब अंशांवरील बिंदूंमधले अंतर सारखेच असते, कारण वर्तुळ फिरवल्याने जीवेची लांबी बदलत नाही. दोन्ही अंतरांचे वर्ग लिहिले की कॉस(अ − ब) चे सूत्र बाहेर पडते आणि ते सर्व कोनांना लागू असते. अध्यापनाच्या दृष्टीने हीच सिद्धता श्रेष्ठ ठरते, कारण सूत्रामागचा खरा आशय फिरवणे हा आहे हे तीत उघड दिसते.

उदाहरणांकडे वळल्यावर कोन मोडण्याचे चार-पाच प्रसंग पुन्हापुन्हा भेटतात. सर्वांत सोपा प्रसंग ७५ किंवा १५ अंशांसारख्या कोनांचा; ७५ म्हणजे ४५ + ३० हे ओळखले की साइन ७५ = (√६ + √२)/४, म्हणजे सुमारे ०.९६५९, हे एका ओळीत येते आणि त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. चुका होतात त्या चिन्हांत. साइन अ = ३/५ आणि साइन ब = ५/१३ दिले असून अ दुसऱ्या चरणात, म्हणजे ९० आणि १८० अंशांच्या दरम्यान, व ब पहिल्या चरणात असेल, तर कॉस अ हे −४/५ असते आणि साइन(अ + ब) = ३६/६५ − २०/६५ = १६/६५ येते. चिन्ह विसरणाऱ्याला ५६/६५ मिळते. ही दोन्ही उत्तरे वर आलेल्या दोन त्रिकुटांतलीच आहेत, त्यामुळे चुकीचे उत्तरही दिसायला निर्दोष असते आणि विद्यार्थ्याला संशय येत नाही. चरण आधी ठरवून मगच वर्गमूळ काढावे, हा नियम येथे कटाक्षाने पाळावा लागतो.

याहून सूक्ष्म प्रसंग दडलेल्या कोनाचा. अ लघुकोन असून कॉस(अ + ३०) = ३/५ दिले आणि कॉस अ विचारले, तर पुष्कळ विद्यार्थी डावी बाजू उलगडून साइन अ आणि कॉस अ यांच्या समीकरणात अडकतात. अ म्हणजे (अ + ३०) − ३० हे लिहिले की सारे सरळ होते: कॉस अ = (३/५)(√३/२) + (४/५)(१/२) = (३√३ + ४)/१०, म्हणजे सुमारे ०.९२. त्याचप्रमाणे अ + ब आणि अ − ब यांची माहिती दिलेली असेल तर २अ ही त्या दोघांची बेरीज आहे हे पाहावे. दिलेला कोन हाच ओळखीचा कोन मानावा, तो तोडू नये. ही दृष्टी आली की या जातीची उदाहरणे अवघड राहत नाहीत.

समीकरणांत बेरीज-सूत्र उलट्या दिशेने चालते, म्हणजे दोन पदे एकत्र बांधली जातात. √३ कॉस क + साइन क = १ हे समीकरण घेतले आणि दोन्ही बाजूंना २ ने भागले, तर डावी बाजू कॉस(क − ३०) होते व उजवीकडे १/२ राहतो; क − ३० हा ६० किंवा −६० असल्याने ० ते ३६० अंशांत क ची उत्तरे ९० आणि ३३० ही दोनच येतात. हेच समीकरण वर्ग करून सोडवले तर २१० हे तिसरे उत्तर उगवते, आणि मूळ समीकरणात घातल्यावर डावी बाजू −२ येऊन ते खोटे ठरते. म्हणून वर्ग करण्यापेक्षा बांधणी करावी, असा स्पष्ट निर्णय देता येतो. टॅनच्या सूत्रातही असाच एक सापळा आहे. अ आणि ब लघुकोन असून टॅन अ = २ आणि टॅन ब = ३ असता टॅन(अ + ब) = ५/(१ − ६) = −१ येते; अ आणि ब दोन्ही ४५ अंशांहून मोठे लघुकोन असल्याने बेरीज १३५ अंशच असली पाहिजे, −४५ नव्हे. त्यात ज्याचे टॅन १ आहे तो ४५ अंशांचा कोन मिळवला की १८० अंश पुरे होतात, म्हणजे ज्यांची टॅन मूल्ये १, २, ३ आहेत असे तीन कोन एका त्रिकोणात बसतात. आणि काटकोन नसलेल्या कोणत्याही त्रिकोणात तीन टॅनांची बेरीज त्यांच्या गुणाकाराइतकी असते या नियमाप्रमाणे येथे दोन्ही ६ आहेत.

आता कारखान्यांतील वापराकडे येऊ. पिंपरी-चिंचवडमधील पवना नदीच्या काठची काळेवाडी आणि शेजारचे थेरगाव व रहाटणी ही पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि ज्या सूत्रासाठी तेथील मुले क्लासला जातात ते त्यांच्या घरातील कोणाच्या तरी हाताखाली रोज फिरत असते. टूलरूममध्ये कोन बसवण्यासाठी वापरला जाणारा साइन बार म्हणजे दोन सारख्या रोलरांवर टेकलेली अचूक पट्टी. रोलरांच्या मध्यांतील अंतर २०० मिलिमीटर असेल आणि १५ अंश हवे असतील, तर एका रोलरखाली ५१.७६४ मिलिमीटर उंचीचे स्लिप गेज, म्हणजे ठरावीक जाडीचे अचूक ठोकळे, रचावे लागतात. ७५ अंशांचा कोन मात्र साइन बारवर थेट लावू नये, असे अनुभवी कारागीर सांगतात. त्याचे कारण बेरीज-सूत्र देते: कोनात द इतका अगदी लहान बदल झाला तर साइन(अ + द) हे साइन अ पेक्षा सुमारे द × कॉस अ इतके वाढते, द अर्थात रेडियनमध्ये मोजलेला. १५ अंशांना कॉस ०.९६६ असते आणि ७५ अंशांना ०.२५९, त्यामुळे स्लिप गेजच्या उंचीतील तीच चूक ७५ अंशांवर कोनात सुमारे ३.७ पट मोठी होऊन उतरते. दोन ज्यांमधील फरकाचे कोटिज्येशी असलेले हे प्रमाण ग्रहांच्या तात्कालिक गतीच्या संदर्भात भास्कराचार्यांना अवगत होते.

सीएनसी मशीनवर हेच सूत्र अधिक उघडपणे काम करते. फ्लँजवरील छिद्रांचे वर्तुळ ड्रॉइंगप्रमाणे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असते, पण जॉब फिक्स्चरमध्ये किंचित फिरलेल्या स्थितीत बसवावा लागला तर प्रत्येक छिद्राचे नवे स्थान शोधावे लागते. क्ष आणि य हे जुने निर्देशक आणि अ हा फिरण्याचा कोन असेल, तर नवे निर्देशक क्ष कॉस अ − य साइन अ आणि क्ष साइन अ + य कॉस अ हे असतात; सेटर जी-६८ हा आदेश देतो तेव्हा कंट्रोलर आतून हीच आकडेमोड करतो. कारखान्याला येणारी थ्री-फेज वीजही याला अपवाद नाही. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांनी मागेपुढे असल्याने तिन्ही साइनांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते, म्हणून भार समतोल असेल तर न्यूट्रलमधून प्रवाह वाहत नाही. आणि साइन क − साइन(क − १२०) हे √३ साइन(क + ३०) इतके असल्यामुळे २४० व्होल्टच्या फेजमधून दोन फेजांमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट मिळतात. √३ ही संख्या आयटीआयच्या वीजतंत्री अभ्यासक्रमात पाठ करून घेतली जाते, ती कोठून आली हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

राज्याच्या अभ्यासक्रमात त्रिकोणमिती नववीत सुरू होते, दहावीला उंची आणि अंतरापर्यंत जाते, अकरावीला संयुक्त कोनांना भिडते आणि बारावीला समीकरणांच्या सर्वसाधारण उत्तरांवर येते. तंत्रनिकेतनात हाच भाग पहिल्या वर्षाच्या मूलभूत गणितात काही आठवड्यांत उरकावा लागतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांसाठी याच टप्प्यावर शिकण्याची भाषाही बहुधा बदलते, आणि सूत्रांची यादी इंग्रजीत पाठ करणे हाच त्यांना सुरक्षित मार्ग वाटू लागतो. पिंपरी-चिंचवडमधील शिक्षकांनी संयुक्त कोनांचा पहिला तास यादीने सुरू न करता साइन ३० = ०.५ आणि कॉस ३० = ०.८६६ या दोन आकड्यांवरून, १/६५६९ आणि १०/५७३ हे भास्कराचार्यांचे गुणक वापरून, साइन ३१ काढून घेण्याने सुरू करावा; मुलांनी ते उत्तर, सुमारे ०.५१५०, कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहावे आणि मग साइन ३२ स्वतः काढावे.